गुरुवारी न्योक्की

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. बाबा गेले त्या वर्षी तिनं पंढरपुरात घातली, त्याला आता एकतीस वर्षं झाली. मांसमच्छी नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही. आणि रोममधलं आमचं जन्मभर लक्षात राहील असं जेवण झालं ते तेस्ताच्चोत, जिथे १८९१ पासून १९७५ पर्यंत त्या शहराचा कत्तलखाना होता.

तिकडे जायला कारण माझी भाची. ती आर्किटेक्चर शिकते आणि तिच्या विद्यापीठाचा तो विभाग जुन्या कत्तलखान्याच्या इमारतींमध्येच भरतो. जनावरं टांगायच्या लोखंडी कड्या, आकडे अजून तिथे आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि आई तिच्याकडे दहा दिवस राहिलो. ते रोमचं ज्युबिलीचं, म्हणजे कॅथलिकांच्या यात्रेचं वर्ष, दर पंचवीस वर्षांनी येणारं. सेंट पीटर्सच्या पवित्र दारातून आत जायला जगभरातली माणसं आलेली, पुढच्याच्या हातात लाकडी क्रूस, मागचे गाणी म्हणत रांगेनं चाललेले. आई कडेला थांबून बराच वेळ बघत राहिली. "दिंडीच की ही," म्हणाली, आणि नकळत हात जोडले.

पहिल्या रात्री आम्ही जेवायला चुकीच्या ठिकाणी गेलो. एका नावाजलेल्या चौकाजवळ, दारात उभा राहून माणूस बोलावत होता, मेनूकार्डावर प्रत्येक पदार्थाचा फोटो. माझ्या कार्बोनारात क्रीम ओतलेलं होतं. कार्बोनाराला अंडं, पेकोरिनो चीज, मिरी आणि ग्वान्चाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस, एवढंच लागतं. क्रीमचा त्यात संबंध नाही. आईच्या ताटात शिजून गाळ झालेला पास्ता आणि वर बाटलीतला सॉस. ती दोन घास खाऊन थांबली. कोल्हापूरहून नेलेल्या दशम्या आणि चटणी रात्री खोलीवर काढली तेव्हा भाचीचे डोळे भरून आले. आजीला आपलं गाव दाखवायला आणावं आणि पहिल्याच रात्री तिनं उपाशी उठावं, हे तिला फार लागलं.

"गुरुवारपर्यंत थांब आज्जी," ती म्हणाली. "गुरुवारी तुला खरं जेवायला नेते."

गुरुवारच का, तर रोमची जुनी रीत. ज्योवेदी न्योक्की, वेनेर्दी पेशे, साबातो त्रिप्पा. गुरुवारी न्योक्की, शुक्रवारी मासे, शनिवारी वजडी. शुक्रवारी कॅथलिक लोकांना मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी न्योक्कीनं, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या छोट्या गोळ्यांनी, पोट भरून घ्यायचं, आणि शनिवारी आठवड्याच्या कत्तलीतलं उरलंसुरलं शिजवायचं. आजही जुन्या वळणाच्या खानावळीत गुरुवारी न्योक्की असतेच. आईला हे ऐकून एकदम ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं. "वार पाळतात म्हण की," ती म्हणाली. त्यानंतर रोमबद्दल तिच्या मनात जो परकेपणा होता तो पुष्कळ कमी झाला, हे मला तिच्या चालण्यातही जाणवलं.

मेट्रोच्या पिरामिदे स्टेशनाला उतरलो. समोर खरोखरच पिरॅमिड आहे, केस्तियुस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची कबर, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथून दहा मिनिटं चालल्यावर मोन्ते तेस्ताच्चो लागतो. लांबून साधी गवताळ टेकडी वाटते, पस्तीस मीटर उंचीची. पण ती सगळीच्या सगळी फुटक्या मडक्यांची आहे. स्पेनमधून, उत्तर आफ्रिकेतून ऑलिव्हचं तेल मातीच्या मोठमोठ्या रांजणांतून यायचं, इथल्या नदीकाठच्या धक्क्यावर उतरायचं, आणि रिकामे रांजण फोडून इथे रचायचे. परत वापरता येत नसत, कारण तेल मातीत मुरून खवट व्हायचं.

हे भाची समजावून सांगत होती तेवढ्यात आई म्हणाली, "तेलाची बरणी धुऊन कुठं निघते?"

मला त्या क्षणी आठवली ती आमची ब्रह्मपुरीची टेकडी. पंचगंगेच्या काठची. तिथल्या उत्खननात रोमन काळातली पॉसायडनची कांस्यमूर्ती सापडली, ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. छोटासा समुद्रदेव. चौथीत असताना शाळेच्या सहलीत पाहिला तेव्हा मला एवढंच कळलं होतं की हा आपल्याकडचा देव नाही. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तो इतक्या लांब, समुद्रापासून आत, घाट चढून आणला. आता त्याच काळातल्या, त्याच लोकांच्या खापरांच्या ढिगाऱ्याखाली मी आईचा हात धरून उभी होते. ताईला फोन लावावासा वाटला, पण कोल्हापुरात पाच वाजून गेलेले, ती कामात असेल म्हणून राहू दिलं.

खानावळ त्या टेकडीच्या पायथ्यालाच, अर्धी टेकडीत शिरलेली. नाव देत नाही, कारण तिथे बारा टेबलं आहेत आणि ती शेजारपाजारच्यांनाच पुरत नाहीत. आत मागच्या भिंतीला काच बसवलेली आहे आणि काचेमागे रचलेली खापरं दिसतात, थरावर थर. टेबलावर कागदाचं अंथरूण. मेनू हातानं लिहिलेला, एकच पान, त्या दिवसापुरता. आजूबाजूला गॅरेजचे कपडे घातलेले दोघे, एक म्हातारं जोडपं, चार बायका बहुधा ऑफिसातल्या. दुपारचा एक वाजला होता. वाढणारे गृहस्थ साठीचे, पांढऱ्या एप्रनचे, आईची खुर्ची त्यांनी स्वतः मागे ओढली आणि तिला सिन्योरा म्हणाले.

आता चीजबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण इथून पुष्कळ शाकाहारी मंडळी इटलीला जातात आणि कुणी त्यांना हे सांगत नाही. रोमच्या जेवणाचा कणा म्हणजे पेकोरिनो रोमानो, मेंढीच्या दुधाचं खारट, कडक चीज. नाव रोमचं असलं तरी आज त्यातलं बहुतेक सार्डिनिया बेटावर होतं. ते दूध विरजायला जे रेनेट लागतं ते कोकराच्या जठरातून काढतात. पार्मिजानोलाही वासराचं. पदार्थात मांसाचा तुकडा नसला तरी माळकऱ्याला तो चालणार नाही. मी हे आधी वाचलं होतं आणि दोन दिवस माझ्या मनात चाललं होतं की आईला सांगावं की नको. न सांगता खाऊ घातलं असतं तर तिला कळलं नसतं. पण मग मी तिच्या शेजारी बसून जेवू शकले नसते. टेबलावर बसल्या बसल्या सांगून टाकलं.

आई थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "बरं केलंस. मला चीज नको. तू खा, तुला माळ नाही."

भाचीनं त्या गृहस्थांना सगळं नीट समजावलं. मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, चीज नाही, वाइन नाही. मला वाटलं आता हे हात वर करणार. त्यांनी एप्रनच्या खिशातून पेन्सिल काढली, आत जाऊन विचारून आले आणि बोटं मोजत सांगितलं. न्योक्कीत अंडं नाही, आमच्याकडे फक्त बटाटा, पीठ आणि मीठ. टोमॅटोचा सॉस सकाळीच केलाय, त्यात तेल, टोमॅटो, तुळस. आर्टिचोक (हे भाजीसारखे खायचे कळे) रोमन पद्धतीचे नकोत, त्यात वाइन पडते. ज्यू पद्धतीचे घ्या, ते नुसते तळलेले, आणि त्यांची कढई वेगळी. पालेभाजी आहे. डाळिंबासारख्या लाल गराची संत्री आहेत. कत्तलखान्यानं वसवलेल्या वस्तीत एका माळकरी बाईला पाच मिनिटांत भरलं पान मिळालं.

पहिल्यांदा आर्टिचोक आले, कार्चोफी आल्ला जुदिया. रोममध्ये ज्यू लोक दोन हजार वर्षांहून जास्त काळ राहताहेत. १५५५ मध्ये पोपनं त्यांना भिंती घालून एका वस्तीत कोंडलं, तिथल्या चुलींवर टिकून राहिलेला हा पदार्थ. आर्टिचोकचा गोल कळा टोकं छाटून आधी मंद तेलात तळायचा, मग पाकळ्या उलगडून कडक तेलात. ताटलीत शेवंतीचं फूल ठेवावं तसा दिसतो, बाहेरच्या पाकळ्या कुरडईसारख्या कुरकुरीत आणि आतला गाभा मऊ, किंचित तुरट. आईनं पहिली पाकळी मोडली आणि कानाजवळ नेऊन तिचा आवाज ऐकला. कुरडई नीट वाळली का हे ती असंच बघते.

पालेभाजीनं मात्र तिला जिंकलं. चिकोरिया रिपास्साता. रिपास्साता म्हणजे पुन्हा परतलेली. कडवट चिकोरी आधी उकळत्या पाण्यातून काढायची, घट्ट पिळायची, मग तेलात लसूण आणि सुकी मिरची घालून परतायची. आईनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "पाथरी." मी म्हटलं, नाही गं, ही चिकोरी. ती म्हणाली, "असू दे. पाथरीची बहीण आहे ही." खोलीवर गेल्यावर मी शोधलं तर खरंच, आपली बांधावरची पाथरी आणि चिकोरी एकाच कुळातल्या निघाल्या. वनस्पतिशास्त्रात जे लिहून ठेवलंय ते तिला जिभेवर कळलं. लहानपणी ती रानातून ओच्यात पाथरी आणायची, भाकरीबरोबर कच्चीच खायची. कोल्हापुरात आता बाजारात ती क्वचित दिसते.

माझ्यासाठी मी काच्चो ए पेपे मागवलं होतं. चीज आणि मिरी, नावातच सगळं. जाडसर ताज्या शेवया, पेकोरिनो, भरड कुटलेली मिरी आणि पास्ता उकळलेलं पाणी. लोणी नाही, तेल नाही. त्या पाण्यातल्या पिठामुळे चीज वितळून सायीसारखं होतं. पीठ कमी पडलं किंवा पाणी फार तापलेलं असलं की गोळे होतात. हे किती नाजूक आहे याच्यावर इटलीच्या भौतिकशास्त्रज्ञांनी चक्क शोधनिबंध लिहिला आणि २०२५ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल त्यांना मिळालं. चीजच्या वजनाच्या दोन-तीन टक्के स्टार्च, म्हणजे ते पाण्यातलं पीठ, हवं, असं त्यांचं म्हणणं. आत जी कुणी स्वयंपाक करत होती तिनं ते प्रमाण हातानं साधलेलं होतं. खाली बशीत पाणी सुटलं नव्हतं, एक गोळा नव्हता.

आणि मिरी! आदल्या दिवशी आम्ही फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांत, हिंडलो होतो. तिथे सम्राट दोमिशियननं बांधलेली मसाल्यांची कोठारं होती, मिरीच्या नावानंच ओळखली जाणारी. ती मिरी मलबारातून जहाजांनी यायची. ४०८ साली गॉथ लोकांचा राजा अलारिक यानं रोमला वेढा घातला तेव्हा सोन्याचांदीबरोबर तीन हजार पौंड मिरी खंडणी म्हणून मागितली. ज्या पदार्थाला जग अस्सल रोमन म्हणतं त्यात निम्मं आपल्या समुद्रकिनाऱ्याचं आहे. मी आईला हे सांगितलं. ती चिकोरी खात होती, तिनं फक्त मान हलवली.

मग न्योक्की आली आणि आईचा चमचा थांबला.

करंगळीच्या पेराएवढे मऊ गोळे, प्रत्येकाच्या पोटाला बोटानं दाबून केलेला खळगा, खळग्यात लाल सॉस. आईनं एक चमच्यावर घेऊन उलटासुलटा करून बघितला. "नखुलं आहे हे," ती म्हणाली. "फक्त बटाट्याचं." मग तिनं मेनूवरच्या ओळीवर बोट ठेवून भाचीला विचारलं, न्योक्कीच्या पुढे हे काय लिहिलंय. लिहिलं होतं, फात्ती आ मानो. हातानं केलेली.

"हातानंच करतात की. त्यात लिहायचं काय?"

भाची म्हणाली, "आज्जी, म्हणून तर बारा युरो आहे."

आईनं नव्वदनं गुणलं. तिचा हिशेब कधी चुकत नाही. एक हजार ऐंशी रुपये. ती खापरांच्या भिंतीकडे बघत बसली आणि मला कळलं तिच्या मनात काय चाललंय.

बाबा गेल्यावर आईनं आम्हा दोघी बहिणींना वळवटांवर शिकवलं. रवा दुधात भिजवायचा, तिंबायचा, आणि मग दुपारभर चिमटीत घेऊन वळत बसायचं. गव्हले तांदळाच्या दाण्याएवढे, मालत्या, नखुले, बोटवे. लग्नाच्या घरातून रुखवतासाठी मागणी यायची. पावशेर गव्हल्यांना तिची सबंध दुपार जायची, उजव्या अंगठ्याचं टोक कायम गुळगुळीत, त्यावर ठसाच उठत नाही. आधार कार्डाच्या वेळी मशीननं तिचा अंगठा तीनदा नाकारला. आणि गिऱ्हाईक म्हणायचं, बसल्या बसल्या तर करताय, एवढे कसले पैसे? मी आठवीत होते, दारात उभी राहून ऐकायची. आई दरवेळी दहा रुपये कमी करायची. मला त्या बायकांचा राग यायचा आणि आईचाही यायचा, आणि तो आईवरचा राग मी पुढे पुष्कळ वर्षं बाळगला, हे आज लिहिताना जड जातंय.

स्वयंपाकघराचं दार उघडझाप होत होतं. आत एक बाई पिठाळलेल्या फळीवर लांब वळ्या कापत होत्या, आईच्याच वयाच्या असतील. कापायच्या, अंगठ्यानं दाबायच्या, बाजूला उडवायच्या. त्यांनी मान वर केली नाही. आईनं जेवता जेवता दर वेळी दार उघडलं की बघितलं. शेवटी म्हणाली, "खालून पीठ कमी लावतीये. चिकटत कसं नाही?" मी म्हटलं, जाऊन विचारूया का, भाची सांगेल. आई म्हणाली, नको. दुपारची वेळ आहे, बारा टेबलं आहेत, तिचा हात मोडायचा.

मला ते फार पटलं. हात मोडायचा, म्हणजे काय, हे काम करणाऱ्यालाच ठाऊक.

बशीत सॉस उरला होता. आईनं ब्रेडचा तुकडा मोडला आणि आमटी पुसावी तशी बशी पुसून घेतली. वाढणारे गृहस्थ जाता जाता थांबले, छातीवर हात ठेवून म्हणाले, "स्कारपेत्ता!" ब्रेडनं बशी पुसण्याला त्यांच्यात हा शब्द आहे, छोटा बूट. आत बायकोला ओरडून सांगितलं त्यांनी. ती आतली बाई त्यांची बायको, हे तेव्हा कळलं. चटणीची डबी आईच्या पिशवीत होती. ती काढली नव्हती. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाली, "चांगलं रांधलेलं असलं की आपलं तिखट काढू नये."

तिघींचं बिल बासष्ट युरो, त्यात ब्रेडचे माणशी दोन. संत्री त्यांनी लावली नाहीत. आईनं या वेळी गुणलं नाही.

भाचीनं टेकडीला वळसा घालताना कत्तलखान्याची गोष्ट सांगितली. कामगारांना मजुरीचा भाग म्हणून शेपूट, आतडी, काळीज असं मिळायचं. चांगले चार भाग श्रीमंतांना, धर्मगुरूंना, सैनिकांना विकले जायचे, म्हणून या उरलेल्याला पाचवा चतकोर म्हणतात, क्वीन्तो क्वार्तो. त्यातूनच इथले प्रसिद्ध पदार्थ झाले. मला वाटलं आईला हे ऐकवणार नाही. ती म्हणाली, "गरिबानं मिळालं त्याचं चांगलं करून खाल्लं. त्यात काय वाईट."

ही गोष्ट फेब्रुवारीतली. एप्रिलमध्ये मी कोल्हापूरला गेले तेव्हा गच्चीवर वाळवण पडलेलं होतं आणि आत पाटावर पाकिटं भरून ठेवलेली. प्रत्येक पाकिटावर आईच्या अक्षरात, स्केचपेननं, "हाताने वळलेले" असं लिहिलेलं. खाली भाव, गेल्या वर्षीच्या दीडपट. मी बसलेली असतानाच एक बाई आल्या, लेकीचं लग्न मे महिन्यात. पाकीट हातात घेऊन म्हणाल्या, काकू, थोडं कमी करा की.

आईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "नाही होणार," म्हणाली, आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला उठली.